भाताला तिसरी पाळी

१ जून
नवी वही. जुन्या वहीत फॅक्टरीचे रिजेक्शनचे आकडे आहेत, तिच्यात पुढे काही लिहावंसं वाटेना. मरोळचं युनिट मार्चमध्ये बंद झालं. एकवीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलं, आता ब्रेकवर आहे. युनिट बंद झालं नसतं तरी मी ब्रेक घेणारच होतो.

गावाहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल आलं. सहदेवदादाने पाठवलं. चुलतभाऊ असला तरी आमच्या वाटणीचं शेतही इतकी वर्षं तोच करत होता. आता गुडघे गेले, माकडं आणि गवे काही ठेवत नाहीत, यंदा सगळं पडीक, असं फोनवर म्हणाला. कापडी पिशवीत दीड किलो भात आहे, बियाण्याचा. बाकीचं उंदरांनी खाल्लं. गावात हे बी दुसऱ्या कोणाकडे नाही, सगळे दुकानातलं आणतात.

तांदूळ लाल निघतो, पण ह्या भाताला नाव नाही. आई नुसतं ‘आपला’ म्हणते. पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा नेम आहे. नव्याच्या पुनवेला घरच्या भाताच्या लोंब्या दाराला बांधायच्या, त्याला नवं म्हणायचं, आणि ते बांधल्याशिवाय नवा तांदूळ तोंडात घालायचा नाही. बाबा मिलमध्ये होते तेव्हा चाळीतसुद्धा गावाहून लोंब्या यायच्या. यंदा खयसून येतला नवा, असं म्हणाली. मला नाही, भिंतीला.

मी म्हणालो, गच्चीवरून येईल.

बोलून गेलो. नव्याची पुनव ६ ऑक्टोबरला. १२७ दिवस हातात आहेत. मी ह्याहून कठीण ऑर्डरी काढल्या आहेत.

४ जून
सोसायटीचे सेक्रेटरी धवलभाई. परवानगी मागितली. आज भात, उद्या म्हैस आणशील, म्हणाले. मग हसले आणि वर्षअखेरपर्यंत बारा टब चालतील म्हणाले. कोपरा पाण्याच्या टाकीपासून लांब हवा. मान्य.

संकल्प: रोज सहाला उठणे. गच्चीवर जाऊन नोंद घेणे. रोज तीन ओळखीच्यांना नोकरीसाठी फोन.

५ जून
पावणेदहाला उठलो. फोन उद्यापासून.

८ जून
मृग लागला. आई म्हणाली, आज पेर. मी म्हणालो, माती नाही, टब नाही, पेरू कशात, परातीत?

मग तिने एक फार कामाची गोष्ट सांगितली. आपला भात कधीही पेरा, तो पसवणार हस्त नक्षत्रातच. पसवणार म्हणजे लोंबी बाहेर टाकणार. मे महिन्यात पेरा नाहीतर जुलैत, तारीख तीच. वहीत नीट मांडून पाहिलं. सुरुवात कधीही, डिलिव्हरी फिक्स. मग घाई करतात तरी कशाला? पिढ्यान्‌पिढ्या लोक उगाच जूनमध्ये चिखलात उतरतायत.

आई म्हणाली, तसा नाय रे. आधी पेरलंस तर पानां जास्त येतत, पानां जास्त तर दाणो भरता. उशिरा पेरलंस तर चार पानांवरच पसवता आणि पोचट रवता.

अनुभवाचं बोलणं आहे, पण डेटा नाही. पानं मी नंतर वाढवीन. पानं वाढवायला खत असतं.

आणखी एक म्हणाली, सगळा बी पेरू नको, मूठभर मागे ठेव. हो म्हणालो.

१४ जून
मरोळला गेलो. युनिटच्या भंगारातले निळे ड्रम वॉचमनने दिले, सहा. अर्धे कापले की बारा टब. गेटवर दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड लागलाय. पाहिला, काही वाटलं नाही. परत येताना ड्रम टेम्पोत घातले आणि मीही मागे ड्रमांबरोबर बसलो.

१९ जून
काही नाही.

२० जून
काही नाही. झोपलो.

२८ जून
माती आली. बोरिवलीच्या नर्सरीतून चाळीस गोणी. लिफ्टमधून न्यायची नाही असा सोसायटीचा नियम निघाला. वॉचमन भीमराजने आणि मी जिन्याने चढवल्या. मी तीन, बाकी त्याने. माझं काम सुपरव्हिजनचं होतं.

७ जुलै
पेरणीचा तक्ता पूर्ण. चार रंगांत. नीला ऑफिसातून आली, तक्ता पाहिला आणि म्हणाली, अहो, पेरणार आहात की पंचांग छापताय? शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला प्लॅनिंग कळेलच असं नाही.

सध्या घर तिच्या पगारावर चाललंय, हे ती बोलत नाही. मीही बोलत नाही.

१२ जुलै
श्रीगणेशा. अर्धं बी पाण्यात भिजत घातलं. चोवीस तास भिजवायचं, मग पेरायचं. गजर लावला.

१६ जुलै
बादलीला आंबट वास येतोय असं नीला म्हणाली तेव्हा आठवण झाली. चार दिवस झाले. गजर वाजला होता, पण तो कशासाठी ते लिहिलं नव्हतं. हा गजराच्या सिस्टीमचा दोष आहे. बी चिकट झालेलं. टाकून दिलं.

आईला एवढंच सांगितलं की पहिला लॉट सँपल होता.

२० जुलै
दुसरा लॉट पेरला. मूठभर स्टीलच्या डबीत मागे ठेवलं, आई म्हणाली तसं. आता पाठ जरा दुखतेय.

२५ जुलै
कबुतरं. दहिसरची सगळी कबुतरं आज आमच्या गच्चीवर होती. जाळी आणायची होती, ती तक्त्यात चौथ्या आठवड्यात होती. मातीत दाणा राहिला नाही. भीमराज म्हणाला, साहेब, जाळी आधी लावतात. ह्याला काय, सगळंच आधी माहीत असतं.

२७ जुलै
डबीतली मूठही पेरली. जाळी लावून, दोन टबांत.

हे तात्पुरतं आहे. एका मुठीच्या ऑक्टोबरात पन्नास मुठी होतील, त्यातली एक पुन्हा डबीत. ह्याला फिरतं भांडवल म्हणतात.

जेवताना आईने विचारलं, मूठ ठेवलंस मा? हो म्हणालो. तसं पाहिलं तर ठेवलीच आहे, फक्त मातीत.

३ ऑगस्ट
उगवलं. हिरव्या सुया. मोजल्या, दोनशे अकरा. खाली येऊन आईला सांगितलं. ती फक्त म्हणाली, उशीर झालो. गावात आता लावणी आटपली असतली. मी म्हणालो, आई, डिलिव्हरी फिक्स आहे ना?

९ ऑगस्ट
एकेका रोपाला तीन पानं. तक्त्यात नोंद केली. मोजताना बरं वाटतं. म्हणजे वाईट वाटत नाही.

पालिकेचा माणूस आला होता. डासांच्या अळ्या तपासायला. टबांत पाणी साठलेलं बघून म्हणाला, काका, हे काय? मी म्हणालो, भात. तो म्हणाला, भात तुमचा, डेंग्यू सगळ्या बिल्डिंगचा. धवलभाईंना बोलावलं, त्यांच्यासमोर परत ऐकवलं. धवलभाईंनी मला खाली नेऊन आणखी एकदा ऐकवलं, ह्या वेळी गुजरातीत. शेवटी टबांत गप्पी मासे सोडायचे ठरलं. अळ्या खातात म्हणे.

१० ऑगस्ट
मासे सोडले. आता आमच्याकडे भात आणि मासे दोन्ही आहेत असं नीला म्हणाली आणि खूप दिवसांनी हसली. मीही हसलो असेन.

१७ ऑगस्ट
रोपं एकवीस दिवसांची. आज उपटून बाराही टबांत पसरून लावायची, असा तक्ता सांगतो. गणपती दहा दिवसांवर आलेत. मधेच कशाला उपटाउपट? गणपतीनंतर.

२२ ऑगस्ट
मुलुंडच्या एका फॅक्टरीतून इंटरव्ह्यूचा फोन. उद्या बोलावलंय. इस्त्री केली.

२३ ऑगस्ट
गेलो नाही. भात सोडून जाणं बरं दिसलं नसतं. शर्ट परत कपाटात.

९ सप्टेंबर
लावणी. रोपं चव्वेचाळीस दिवसांची झालीत. जून झाल्यामुळे मुळं जाळ्यासारखी गुंतलेली, उपटताना निम्मी तुटली. टिकली ती पंच्याण्णव. पण उंच आहेत. आईला एक रोप खाली आणून दाखवलं. तिने मुळाकडे पाहिलं, पानं मोजली, म्हणाली, म्हातारो झालो रे तरवो. रोपांना ती तरवा म्हणते. मी म्हणालो, आई, आपल्याकडे ह्याला मॅच्युअर स्टाफ म्हणतात.

तिने पुन्हा मूठ विचारली. आहे म्हणालो.

११ सप्टेंबर
पानं कमी आहेत हे खरं आहे. आईचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं: उशिरा पेरलं की पसवायच्या आधी पानं काढायला वेळ उरत नाही. पण वेळ नसेल तर काय करतात? पाळी वाढवतात. दुपारी पडल्या पडल्या सुचलं आणि उठूनच बसलो. मार्चनंतर पहिल्यांदा असा उठून बसलो.

झाड उन्हात काम करतं. दिवसाचे बारा तास. म्हणजे बारा तास मशीन बंद! बाबांनी मिलमध्ये अकरा वर्षं तिसरी पाळी केली. मिल रात्री थांबली असती तर आम्ही वाढलो असतो का? भातालाही तिसरी पाळी लावायची. लाईट.

१४ सप्टेंबर
शंभर वॅटचे दोन फ्लडलाईट. आमच्याच मीटरवरून. धवलभाईंना सिक्युरिटीसाठी म्हणून सांगितलं, ते खूश झाले. संध्याकाळी साडेसहाला चालू, सकाळी साडेसहाला बंद. शिवाय युरिया, प्रत्येक टबाला दोन चमचे. पाकिटावर एक लिहिलंय. ते नॉर्मल परिस्थितीसाठी असणार.

भीमराज म्हणाला, साहेब, झाडं झोपणार कधी? म्हटलं, तू नाईट ड्युटीला झोपतोस तेव्हा.

२१ सप्टेंबर
चमत्कार. नुसती पानं. गडद हिरवी, हाताएवढी. मुख्य दांड्याला दहा, शिवाय बाजूचे फुटवे. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. एकोणतीस अंगठे. कोणीतरी विचारलं, काय लावलंय? मी लिहिलं, सरप्राइज.

२३ सप्टेंबर
तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी गवती चहा समजून मूठभर पात तोडून नेली. वर तक्रार, की चहाला वास येत नाही. ग्रुपवर खुलासा करावा लागला की हा भात आहे. त्यावर सहा अंगठे.

२७ सप्टेंबर
हस्त लागला. आजपासून कधीही. रोज सकाळ-संध्याकाळ बघणार.

संकल्प: नवं बांधायला येणाऱ्यांची यादी करणे. मुलुंडच्या फॅक्टरीला परत फोन करणे.

३० सप्टेंबर
लोंबी नाही. पानं बारा. यादी केली. फोन केला नाही.

४ ऑक्टोबर
लोंबी नाही. पानं तेरा. आई विचारते, पोटरी दिसता काय? लोंबी बाहेर यायच्या आधी दांडा पोटासारखा फुगतो, ती पोटरी. दांडे दाबून पाहिले. चपटे आहेत. तिला सांगितलं, दिसतेय थोडी.

६ ऑक्टोबर
नव्याची पुनव. लोंबी नाही.

नीलाने बाजारातून लोंब्यांची जुडी आणली. वर झेंडूचं फूल खोचलेलं, सुबक. आईने हातात घेतली, एक दाणा सोलून पाहिला आणि जुडी देवासमोर ठेवली. दाराला नाही. ह्यो तेंचो, आपलो नाय, म्हणाली. दुकानात नवा तांदूळ आलाय, तो घेऊ का असं नीलाने विचारलं. आई म्हणाली, तुमी खावा. माका अजून जुनोच घाल.

मी सांगितलं, मोठ्या ऑर्डरीत आठ-दहा दिवस मागेपुढे होतंच. बाकी दिवस नेहमीसारखा.

१२ ऑक्टोबर
पानं पंधरा. अशी पानं गावात कोणी पाहिली नसतील. सहदेवदादाला फोटो पाठवला. त्याचा फोन, नंदू, ह्या गवत कापून गुरांका घाल. दादाचा स्वभाव पहिल्यापासून जळका.

१९ ऑक्टोबर
आईने आज हट्टच धरला, माका वर ने. लिफ्ट सातव्यापर्यंत जाते, पुढे जिना. भीमराजने आणि मी खुर्चीत बसवून उचलून नेली. संध्याकाळ होती, लाईट नुकते लागले होते.

आई टबांकडे बघत बसली. मग लाइटकडे. मग मला म्हणाली, ह्यो कधीपासून? मी सगळी योजना सांगितली. तिसरी पाळी, बाबा, मिल, सगळं.

ती म्हणाली, गावात वीज इली त्या वर्षी आमच्या कोपऱ्यात खांब लावल्यानी. सगळ्या शेतात भात पसवला, खांबाखालचा तेवढा हिरवागार. दिवाळी झाली तरी नुसती पानां. रात्र होया रे त्येका. काळोख मोठो झालो की त्येका कळता, हस्त इलो, आता पसवूक होया. तू रात्रच ठेवलंस नाय. त्येना काय समजायचा? त्येका वाटता अजून पावसाळोच आसा.

मग म्हणाली, तुझो बापूस तिसरी पाळी करून येय तेव्हा तुका धड ओळखीत नसे. ता इसारलंस.

खुर्ची उचलून खाली आणली. येताना भीमराज माझ्याकडे बघत नव्हता.

२० ऑक्टोबर
विचार केला. एका खांबाचं सँपल, साठ वर्षांपूर्वीचं. ह्यावर निर्णय घेता येत नाही. तरी आईचा मान म्हणून लाईट दिवसाआड लावणार. क्वालिटीमध्ये बदल हळूहळूच करतात.

२८ ऑक्टोबर
नीलाने आज लाइटची वायर मीटरपासून काढून कचऱ्यात टाकली. विचारलं नाही, भांडली नाही. म्हणाली, त्या म्हाताऱ्या बाईने जन्मात तुमच्याकडे एक गोष्ट मागितली. एवढंच. मग कुकर लावला.

वायर नवीन होती.

१० नोव्हेंबर
कल्पिताचा फोन. सहदेवदादाची सून. ती आणि तिचा नवरा प्रज्योत आता कायमचे गावाला राहणार म्हणतात, पुढच्या जूनमध्ये शेत पुन्हा करणार. कुंपण घालून, गव्यांचं बघू म्हणाली. पण बी आपलंच होया, काका. २१ डिसेंबरला मुलुंडला लग्नाला येते तेव्हा न्यायला येते. जास्त नको, किलोभर दिलात तरी पुष्कळ, त्यापासून वाढवू.

आई शेजारी बसून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं. मला म्हणाली, किलो नाय झाला तरी ती मूठ दी. मूठ पुरे.

हो म्हणालो. आतापर्यंत सहाव्यांदा.

२० नोव्हेंबर
काही नाही. पानांची टोकं पिवळी पडतायत. डबी रिकामी असते तेव्हा हलवली तरी आवाज येत नाही, म्हणून कपाटात आत सारली.

३ डिसेंबर
आल्या! लोंब्या! नऊ! दांड्यांतून हिरवे तुरे बाहेर पडलेत. चौथ्या आणि सातव्या टबात. ओरडत खाली आलो, लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. आईचे हात धरले. ती म्हणाली, काळोख मिळालो. म्हटलं, बघ, केलं ना मी!

लाईट बंद करून किती दिवसांनी? छत्तीस. ही नोंद नंतर स्वतंत्र करीन. टार्गेट पूर्ण, सुधारित तारखेनुसार.

हिशोब: नऊ लोंब्या, प्रत्येकी शंभर दाणे, नऊशे. मूठ परत डबीत, आणि वर कल्पितालाही. कोणाला काही सांगायची गरज पडणार नाही.

८ डिसेंबर
दाणे दिसायला लागले. आईने निरोप दिला, हात लावू नको, महिनाभर तरी उभा रवांदे. उन्हाने पिवळा होऊदे. बरं म्हणालो.

१३ डिसेंबर
पक्षी. ह्या वेळी कबुतरं नव्हेत, चिमण्यांहून बारीक काहीतरी, जाळीच्या भोकातून आत. दाणा चोचीत चिमटतात आणि आतलं दूध पितात. एक लोंबी अर्धी गेली. जाळी बारीक हवी होती.

उरल्या साडेआठ. रोज एक गेली तर २१ पर्यंत काय राहील? गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही.

१४ डिसेंबर
रविवार. नीला घरी. सकाळीच गच्चीवर गेलो आणि सगळ्या लोंब्या कापून आणल्या. पक्ष्यांच्या आधी मीच. वाटलं, आधी नवं बांधू, आईचा नेम पुरा होईल. मग जुडी दारावर तशीच सुकेल, सुकली की दाणे काढून कल्पिताला. दोन्ही कामं एका जुडीत. दोन-तीन लोंब्यांची जुडी दरिद्री दिसली असती, म्हणून सगळ्या. आंब्याचं पान, झेंडू, दोरा. नीलाने फोटो काढला. ग्रुपवर बेचाळीस अंगठे, धवलभाईंचं ‘वाह’.

आईला दारात आणली. तिने जुडीला हात लावून तो कपाळाला लावला. डोळे भरले होते तिचे. मग सवयीने एक दाणा नखाने दाबला. बोटाला पांढरं दूध लागलं.

तिने दुसरा दाबला. दूध. तिसरा दाबला.

वर किती ठेवलंस, असं तिने विचारलं. मी म्हणालो, सगळ्या आणल्या, पक्षी खात होते. दूध दारावर सुकेल ना आई? ती म्हणाली, दूध सुकता, दाणो होणा नाय. खोडावर असता तवसरच भरता.

मग तिने दाराची चौकट धरली. म्हणाली, असांदे. तुझा नवा दाराक लागला. बियाक मूठ आसा मा.

हो म्हणालो.

१६ डिसेंबर
बियाण्याच्या दुकानात गेलो. लाल भाताचं बी आहे का विचारलं. त्याने तीन पाकिटं दाखवली. दिसायला तसंच होतं. एक पाकीट हातात घेतलं, घामाने ओलं होईपर्यंत. कल्पिताला कळलंही नसतं. पुढच्या वर्षी पसवेपर्यंत तरी नाही. मग दाराला बांधताना आई दाणा सोलून बघेल.

पाकीट परत ठेवलं. का ठेवलं, ते कारण अजून सापडलेलं नाही.

१८ डिसेंबर
दारावरचे दाणे चपटे झालेत. बोटाने चुरगळले की भुसा.

२० डिसेंबर
काही नाही. झोप नाही.

२२ डिसेंबर
काल लिहिलं नाही.

कल्पिता दुपारी आली, लग्नातूनच, जरीची साडी नेसून. आईच्या पाया पडली. पर्समधून घडी घातलेली कापडी पिशवी काढून मांडीवर ठेवली. शेताचं सांगत होती, खडपाच्या कोपऱ्यापासून सुरुवात करणार, रोहिणीतच पेरणार, ह्या वेळी उशीर करायचा नाही. आई प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, नंदू, हाड ती डबी.

आत गेलो. कपाट उघडलं. डबी हातात घेऊन उभा राहिलो. माझ्याकडे कारणं होती. गजर, कबुतरं, पालिका, पक्षी. ओळीने लावून पाहिली. प्रत्येकाच्या आधी माझी एक तारीख होती.

बाहेर आलो आणि म्हणालो, बी नाही. मूठही पेरली होती, जुलैमध्ये. सगळं गेलं.

कल्पिता आधी हसली, तिला मस्करी वाटली. मग म्हणाली, पण काका, मूठभर तरी कोण पण ठेवता ना? नीला जागची उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आई माझ्याकडे बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कल्पिताला विचारलं, च्या घेतलंस मा गो? कल्पिताने पिशवीची घडी मोडली होती ती परत घातली. जाताना म्हणाली, दुकानातला बी घेवया मग, काय करतला.

मला लाज वाटली. मार्चपासून काहीच वाटलं नव्हतं, आणि वाटली ती ही.

ती गेल्यावर आईजवळ बसलो. म्हटलं, आई, चुकलो. ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, असांदे रे. माका तरी खय आता त्येची चव आठवता. खरं म्हणाली की मला बरं वाटावं म्हणून, कळलं नाही. मग नीलाने नव्या तांदळाचा भात वाढला, दुकानातला, पांढरा, आणि आई तो मुकाट्याने जेवली.

मला चव आठवते. पेज लालसर होते. वरचं पाणी गोड लागतं, दाणा दाताखाली जरा चिवट, आणि मीठ घालायच्या आधीच खावीशी वाटते. आज एवढंच लिहितो.